रात्री साडेनऊचं ऊन आणि आठ आण्यांचं कार्ड

गेल्या अंकात मी विचारलं होतं, की जुन्या काळातली कोणती मजा तुम्हाला परत हवी आहे आणि ती आणताना कुठं अडतंय. पत्रं भरपूर आली. त्यातली बहुतेक व्हॉट्सॲपवर आली, हेही नोंदवून ठेवते. सगळी छापणं शक्य नाही, निवडक घेतली आहेत. आधी पत्र, मग माझं उत्तर. माझी सगळी नोकरी पोस्टाच्या काउंटरमागं गेली, तीही जास्त करून लातूर जिल्ह्यात. त्यामुळं टपालाचा विषय निघाला की माझं लांबतं. संपादक कात्री लावतीलच.

माझी मुलगी डेन्मार्कला, कोपनहेगनमध्ये नोकरी करते. गेल्या वर्षी २३ जूनला तिनं फोटो पाठवले. पाण्याच्या काठाला मोठी होळी, त्यावर गवताची चेटकीण, आणि रात्रीचे साडेनऊ वाजले तरी ऊन! मला वाटलं, आपणही अंगणात असं काही करावं. तिला हातानं पत्र लिहिते म्हटलं तर म्हणते, ‘आई, इथलं टपालच बंद झालंय.’ खरं आहे का हे?
— एक आई, अंबाजोगाई

ताई, अर्धं खरं आहे. तिथल्या सरकारी मालकीच्या टपाल कंपनीनं, पोस्टनॉर्डनं, ३० डिसेंबर २०२५ला शेवटची पत्रं वाटली. १६२४पासून चालत आलेलं काम थांबलं. या पंचवीस वर्षांत तिथली पत्रं नव्वद टक्क्यांहून जास्त घटली होती, पेटीत पडणारच काही उरलं नव्हतं. रस्त्यावरच्या लाल पेट्या उचलल्या. आणि गंमत बघा, त्याच पेट्या विकायला काढल्या तेव्हा घेणाऱ्यांची झुंबड उडाली. पत्र टाकायला माणूस नव्हतं, रिकामी पेटी दारात मिरवायला मात्र सगळे तयार! हे काही डेन्मार्कचंच नाही. आपल्याकडं फार्महाऊसच्या व्हरांड्यात जातं ठेवतात आणि पीठ पाकिटातलं आणतात, त्यातलाच प्रकार.

पण पत्र पोचवणं थांबलेलं नाही. ते काम आता खाजगी कंपनी करते. तेव्हा लिहा. पत्ता रोमन लिपीत, सुटा सुटा, शेवटच्या ओळीत देशाचं नाव. मागच्या बाजूला स्वतःचा पत्ता, पिनकोडसकट. किती रुपयांची तिकिटं लागतात ते पाकीट काउंटरवर वजन करून विचारा, अंदाजानं चिकटवू नका. आणि पाकिटात कढीपत्त्याच्या बिया, तुळशीच्या मंजिऱ्या असलं काही घालू नका. आईची माया असली तरी बी-बियाण्यांवर परदेशात बंधनं असतात.

आता शेकोटी. कोपनहेगनला जूनच्या शेवटी सूर्य रात्री दहाच्या जरा आधी मावळतो. तिथंच डिसेंबरात दुपारी चारच्या आत मावळून मोकळा होतो. एवढा अंधार काढलेल्या माणसांनी मोठ्या दिवसाचा सण केला तर त्यात नवल नाही. पण अंबाजोगाईत मे महिनाभर छतं तापून निघालेली असतात. जूनमध्ये ऊन जास्त वेळ आहे म्हणून नाचणारा माणूस मला दाखवा. त्यांचा सगळ्यात मोठा दिवस येतो २१ जूनच्या आसपास, आणि त्याच सुमाराला आपल्याकडं आर्द्रा नक्षत्र निघतं. म्हाताऱ्या माणसांच्या तोंडची ‘आडदरा’. मृग कोरडा गेला असेल तर गाव आभाळाकडं बघत बसलेलं असतं, बरा पडला असेल तर सोयाबीन पेरायची पळापळ. यात अंगणात होळी पेटवून काय साधणार?

त्यापेक्षा असं करा. २३ जूनच्या आसपास तिच्या हातात पडेल असं पत्र महिनाभर आधी टाका. त्यात खुशालीला एकच ओळ द्या, बाकी आपल्या जूनबद्दल लिहा. नळाला पाणी कितव्या दिवशी येतं, शेजाऱ्यानं कोणतं बियाणं घेतलं, घरावरून टँकर गेला की पोरं कशी ओरडतात. तिला म्हणावं, तुझ्या होळीजवळ उभी राहून वाच, ऊन असतंच तेवढं. आपली आग वर्षाच्या दुसऱ्या टोकाला पेटते, मार्गशीर्षात. ते पुढच्या उत्तरात येतंय.

आमची शेती निलंगा तालुक्यात. दोन्ही दीर पुण्याला असतात, आम्ही दोघं गावाकडं. सासूबाईंना येळवस पूर्वीसारखी करायची आहे. कोप, पाच पांडव, भज्जी, आंबील, पन्नास माणसं. मलाही आवडते हो. पण ‘पूर्वीसारखी’ म्हणजे मी रात्री दोनला उठायचं आणि बाकीच्यांनी अकराला गाडीतून उतरायचं. नको म्हटलं तर सण मोडणारी मीच. काय करू?
— थोरली सून

पोरी, तुझं पत्र वाचून मी आधी चहा टाकला. मग लिहायला बसले.

आमच्या भागाबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगते. लातूर, धाराशिव आणि कर्नाटकाला लागलेल्या पट्ट्यात मार्गशीर्ष अमावास्येला, म्हणजे येळवशीला, शहरं ओस पडतात. जिल्हाधिकारी स्थानिक सुट्टी देतात, पण नसती दिली तरी कार्यालयात कोणी सापडलं नसतं. सगळे शिवारात. कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून कोप बांधायची, आत पांडव म्हणून पाच दगड चुन्यानं-कावेनं रंगवून मांडायचे, लक्ष्मीची पूजा करायची. मग ‘ओलगे ओलगे सालम पोलगे’ म्हणत पिकावर आंबील शिंपडत शेताला फेरी. हे शब्द प्रत्येक गावात थोडे वेगळे ऐकू येतात आणि प्रत्येक गावाला आपलेच बरोबर वाटतात. त्यानंतर जेवण. ज्याला शेत नाही त्याला कुणीतरी बोलावतंच, वाटेनं जाणाऱ्यालाही उपाशी सोडत नाहीत. संध्याकाळी कडब्याची पेंढी पेटवून शेताभोवती फिरवतात.

आणि ते जेवण! भज्जीत हरभऱ्याचे ओले घाटे, तुरीचे दाणे, वाटाणा, वालाच्या शेंगा, मेथी, चाकवत, पातीचा कांदा, गाजर, बोरं, चिंच, वरून बेसन. सोबत बाजरीचे उंडे, तिळाची पोळी, गव्हाची खीर, आंबट भात आणि मातीच्या बिंदग्यात गार झालेली लसूण-जिऱ्याची आंबील. लातूरकराला स्वर्गात विचारलं तर तो भज्जी मागेल आणि तिथलीही आपल्या आईच्या हातची नाही म्हणून नाक मुरडेल.

आता हे सगळं कोण निवडतं? मी नोकरीत असताना येळवशीच्या दुसऱ्या दिवशी काउंटरवर येणाऱ्या बायांची बोटं बघायचे. शेंगा सोलून काळी झालेली. पुरुष मंडळी काल किती खाल्लं ते सांगायची. बाया पाठ धरून उभ्या असायच्या. येळवस छानच असायची, पण ती कुणाच्या झोपेवर उभी राहायची हेही तेवढंच खरं आहे. सण परत आणताना तेवढा भाग मागं ठेवायला हरकत नाही. त्यानं भज्जीची चव उतरत नाही.

म्हणून तू ‘नको’ म्हणू नकोस. ‘करू’ म्हण, आणि पुण्याला फोन लाव. दोन्ही दिरांना सांग, आदल्या दिवशी दुपारी पोचायचं. संध्याकाळी मधल्या खोलीत चादर अंथरून त्यावर शेंगांचा ढीग ओतायचा आणि घरातल्या यच्चयावत माणसानं सोलायला बसायचं. पोरांनीही. मोबाईल चार्जिंगला. तुला खात्रीनं सांगते, गप्पा रंगतात त्या इथंच, दुसऱ्या दिवशी सगळे जेवून पेंगत असतात. कोप बांधणं, पाणी नेणं, चूल मांडणं, भज्जीचं पातेलं ढवळणं ही कामं शेतावर घरातल्या पुरुषांची. पन्नास माणसांची भज्जी ढवळायला दंडात ताकद लागते, ती त्यांच्याकडं आहे म्हणतात. आंबील एक-दोन दिवस आधी लागतेच, ती तू आणि तुझा नवरा करा. पोळ्या गावातल्या बचत गटाकडून घे. सासूबाई ओरडतील. ओरडू दे, चांगल्या झाल्या तर त्याच पाहुण्यांना वाढतील.

सासूबाईंना एकदा एकटीला गाठ आणि विचार, तुम्ही कितीला उठायचात? त्यांच्या वेळी त्यांनाही कुणी विचारलेलं नसतं. पूजेचा मान आणि मिठाचा अंदाज हे दोन अधिकार पूर्ण त्यांना देऊन टाक. बऱ्याच सासवांचं भांडण कामासाठी नसतंच, आपल्याशिवाय चालतंय की काय या धास्तीचं असतं.

राहिला रजेचा प्रश्न. अमावास्या मंगळवारी आली आणि दिरांना रजा नसली तर? अंबाजोगाईच्या ताईंमुळं मी त्या उत्तरेकडच्या सणाबद्दल थोडं वाचलं. डेन्मार्कनं २३ जूनची संध्याकाळ सोडलेली नाही. पण शेजारच्या स्वीडननं १९५३पासून आपला सण ठरवून शुक्रवारी आणला, १९ ते २५ जूनच्या दरम्यान जो येईल तो. फुलांनी सजवलेल्या खांबाभोवती नाचायला, नवे बटाटे, खारवलेले मासे आणि स्ट्रॉबेऱ्या खायला सगळ्यांना येता यावं. त्यांचा सण त्यानं बुडाला नाही. आपण तिथी हलवायची नाही. पूजा आणि आंबिलीची फेरी अमावास्येलाच, घरात असतील त्या माणसांनी. पन्नास पानांचं जेवण मात्र येत्या रविवारी. घाटे तेव्हाही ओलेच असतात.

एवढं करूनही दीर अकरालाच उतरले तर त्या वर्षी भाकरी-पिठलं कर. पिठलंही शेतात गोडच लागतं, आणि निरोप पुण्यापर्यंत पोचतो.

जुन्या घराची डागडुजी करताना आजोबांच्या ट्रंकेत तारेत ओवलेली पत्रांची चळत सापडली. काही निजामाच्या काळातली असावीत, काही मोडीत आहेत. त्यात आजीची माहेराला लिहिलेली आणि तिकडून परत आलेलीही आहेत. वाचावीत का? जपायची कशी?
— जिंतूर

तारेवर पत्र टोचायची घरोघर पद्धतच होती, त्यामुळं मधे भोक असणार. ते तसंच राहू द्या. लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका. प्रत्येक पत्राचा दोन्ही बाजूंनी फोटो काढा, मग ऊन-ओल न लागणाऱ्या पेटीत सुटी सुटी ठेवा. आपला भाग हैदराबाद संस्थानात होता आणि निजामाचं टपाल खातं वेगळं होतं. भारतात विलीन झाल्यावरही थोडा काळ त्याची तिकिटं चालली. तशी तिकिटं दिसली तर पाकिटावरून सोलू नका, शिक्क्यासकट राहू द्या. शिक्क्यातच गाव आणि तारीख असते. मोडी वाचणारी माणसं अजून आहेत. विद्यापीठाच्या इतिहास विभागात विचारा.

कोपरा फाडलेलं कार्ड बहुतेक सापडणार नाही. त्यात मयताची खबर असायची. ते घराबाहेरच वाचून फाडून टाकायचे.

वाचा, पण आजीची पत्रं वाचताना अक्षर कुणाचं आहे ते आधी बघा. काउंटरवर माझ्यासमोर कितीतरी बाया दुसऱ्याकडून लिहून घ्यायच्या. मनीऑर्डरच्या फॉर्मवर खाली निरोपापुरती चिमूटभर जागा असायची. बाई सांगायची, लिहिणारा दीर किंवा पोस्टमन असायचा, आणि सासू बाजूला उभी. त्या जागेत ‘इकडे सर्व खुशाल आहे, काळजी नसावी’ याखेरीज काय लिहिलं जाणार? बाई मात्र सांगताना थांबायची, काउंटरच्या लाकडावर नखानं रेघा ओढायची आणि मग म्हणायची, ‘लिहा, खुशाल.’ आलेलं पत्रही पोस्टमन ओसरीवर मोठ्यानं वाचून दाखवायचा, म्हणजे लेकीला आईनं गुपचूप काही कळवायची सोय नाही. जुनी पत्रं फार मनमोकळी असायची असं लोक म्हणतात तेव्हा मला या बाया आठवतात. तुमच्या आजीच्या पत्रांत ‘खुशाल’ कुठं कुठं आलंय ते बघा, आणि त्या महिन्यात घरात काय चाललं होतं हे सांगणारं कुणी असेल तर त्यांना विचारा. एखादं पत्र तिच्या स्वतःच्या हातचं निघालं तर ते वेगळं ठेवा. ते सगळ्या नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकायची काही गरज नाही.

मी लातूरला क्लाससाठी होस्टेलवर राहतो. आजोबा औसा तालुक्यात. रोज फोन होतो, पण ‘जेवलास का, अभ्यास चाललाय का’ याच्या पुढं जातच नाही. त्यांना पत्र लिहावं वाटतं. सुरुवात कशी करू? मला ते तीर्थरूप वगैरे येत नाही.
— बारावी, सायन्स

बाळा, ‘ती. आजोबांस, सा. न.’ (म्हणजे तीर्थरूप, साष्टांग नमस्कार) एवढं लिही, त्यांना बरं वाटेल. ते नाही जमलं तर ‘आजोबा’ लिही. त्यावरून आजवर कुणाचं पत्र परत आलेलं नाही.

फोनवर जे विचारतात ते पत्रात घालू नको. मेसच्या वरणाबद्दल एक ओळ चालेल, जास्त नको, नाहीतर आजी डबा घेऊन बसस्टँडवर उतरेल. त्यांना एक प्रश्न विचार, एकच, आणि असा की ज्याचं उत्तर हो-नाही मध्ये संपणार नाही. १९७२च्या दुष्काळात घरातलं कोण खडी फोडायला गेलं होतं? मिलो, म्हणजे परदेशातून आलेल्या तांबड्या ज्वारीची भाकरी कशी लागायची, सुकडी, म्हणजे दुष्काळात वाटायचा तो कोरडा खाऊ, कुठं वाटायचे? किंवा ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्री, ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली तेव्हा ते कुठं झोपले होते? हा प्रश्न मात्र जपून विचार. औसा तालुक्यातल्या माणसाला तो हलका नाही. किल्लारीच्या भूकंपानंतर आमच्याकडं अशा पत्त्यांची पत्रं येत राहिली, ज्या गल्ल्याच उरल्या नव्हत्या. आम्ही ती गठ्ठ्यात ठेवायचो आणि कोण घ्यायला येतंय याची वाट बघायचो.

फोनवर माणूस लगेच उत्तर देतो आणि म्हणून थोडक्यात देतो. कार्डावर प्रश्न आला की आजोबा तो दोन दिवस खिशात घेऊन फिरतील, पारावर चार जणांना विचारतील, एखाद्याशी वाद घालतील. तुला मिळेल ते उत्तर नुसतं त्यांचं नसेल.

पूर्वी जोडकार्ड मिळायचं, एक लिहायचं आणि एक उत्तरासाठी कोरं. तू ते घरीच कर. पाकिटात एक कोरं पोस्टकार्ड घाल, त्यावर होस्टेलचा पत्ता तूच लिहून दे. पिनकोड नीट लिही, लातूर शहराला ४१३५१२. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झाली आणि ती बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे आपले मराठी गृहस्थ, टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे पंडित. क्लासमध्ये याला मार्क नाहीत, तरी असू दे.

आजोबांचं अक्षर लागत नसेल तर आजीला फोन करून वाचून घे. की आजीलाही वेगळं कार्ड पाठवतोस? तिला लिहिता येत असेल तर पाठवच. तिचं उत्तर आजोबांच्या उत्तराशी जुळतं का बघ.

आमच्याकडं ज्येष्ठ पौर्णिमेला कारहुणवी, म्हणजे बैलांचा सण. बैल विकून ट्रॅक्टर घेतला. आता ट्रॅक्टरला झूल घालून मिरवतो, तर शेजारचे हसतात. तुमचं मत?
— शेतकरी, उमरगा

हसू द्या. ज्याच्या कामावर घर चालतं त्याला ओवाळायचं, ट्रॅक्टर चालत नाही असं कुठं आहे? फक्त डीजे लावू नका. आणि गल्लीत कुणाची बैलजोडी उरली असेल तर पोरांना घेऊन तिथं जा. शिंगं रंगवू द्या, खांदे मळू द्या, पुरणपोळी चारू द्या. तुमच्या पोरांनी बैलाला हात लावलाय की नाही, मला त्याचीच काळजी जास्त आहे. वर्षभर त्या जोडीला कडबा घालणारा शेजारी आहे, त्यालाही एक टोपी-टॉवेल द्या.

पोस्टात पोस्टकार्ड मागितलं तर काउंटरवरचा माणूस हसला. म्हणाला, आता कोण लिहितं. नाहीत म्हणाला. मिळतात तरी का?
— हिंगोली

मिळतात. पन्नास पैसे किंमत आहे, म्हणजे आठ आणे. भारतात पहिलं कार्ड १ जुलै १८७९ला निघालं तेव्हा ते पाव आण्याला होतं. एक कार्ड मागितलं की सुट्ट्यांचा प्रश्न येतो आणि समोरच्याला कंटाळा येतो, हे मी त्या बाजूला बसून सांगते. हेड ऑफिसात जा आणि पन्नास मागा. पंचवीस रुपये सरळ हातावर ठेवा. नसतील तर ‘कधी येतील’ म्हणून विचारा आणि त्या दिवशी परत जा. गिऱ्हाईक मागतंय म्हटल्यावर मागवावीच लागतात. निळं आंतरदेशीय पत्र अडीच रुपयांना. त्याच्या आत काही घालायला परवानगी नाही, फोटो नाही आणि नोट तर नाहीच. राखी किंवा फोटो पाठवायचा असेल तर पाच रुपयांचं पाकीट घ्या, वीस ग्रॅमपर्यंत त्यातच जातं.